एक्केचाळीस, बावन्न, सत्त्याऐंशी

बिराप्पा एकोणतीस वर्षं गावाला पाणी सोडत होता. गाव म्हसवडपासून सात किलोमीटरवर. ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागला, पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात चावी आली आणि ती तिथंच राहिली. चावी म्हणजे साडेचार फुटांची लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. उघडायला अठरा फेरे, बंद करायला अठरा. एकदा जेवायला बसल्यावर त्याला वाटलं, आज सतराच झाले. भाकरी ताटात ठेवून तो सायकलनं अडीच किलोमीटर गेला. अठरा झालेले होते. परत येऊन जेवला.

गावाला वस्त्या तीन. टाकीला लागून गावठाण, पुढं शाळेमागची वस्ती, आणि अडीच किलोमीटरवर माळवस्ती. टाकी बैठी, जमिनीवरच बांधलेली. तिन्ही वस्त्यांचे नळ जवळपास तिच्या तळाच्याच पातळीला. लांबच्या वस्त्यांना जाड पाईप टाकलेली, म्हणून तिन्हीकडं पाणी सारखंच निघायचं. रोज सकाळी प्रत्येक वस्तीला एक तास. सायकलवरचा वेळ तो तासात धरत नसे.

पूर्वी पाणी सोडताना विहिरीवरची मोटर चालू असायची. वरून भरायचं, खालून निघायचं, टाकीतली पातळी हलायची नाही. दोन वर्षांमागं लाइटीची वेळ बदलली. मोटर पहाटेच चालून बंद व्हायला लागली. टाकी एकदा भरायची आणि मग नुसती उतरायची. बिराप्पाचा तास मात्र होता तोच राहिला.

त्याची धाकटी बहीण भामाबाई माळवस्तीवर दिलेली. एके दिवशी ती व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी येऊन उभी राहिली.

"दादा, तुझ्या घराला बी तास आन् आमाला बी तास?"

"व्हय. साठ-साठ मिन्टं."

"मग आमच्या साठात पाणी कमी कसं?"

"ह्ये घड्याळ बघ."

"घड्याळ पिऊ का?"

त्या वर्षी ती भाऊबीजेला आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. साळूबाई, म्हणजे बिराप्पाची बायको, एवढंच म्हणाली, "नणंदेला दोन हंडं जास्त सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"दोन हंडं मापात न्हाईत," बिराप्पा म्हणाला.

दुसऱ्या भाऊबीजेनंतर माळवस्तीचा अर्ज पंचायतीत आला. खाली एकतीस सह्या, पहिली भामाबाईची. सरपंच आप्पासोंनी बिराप्पाला बोलावून अर्ज दाखवला. 'सदर कर्मचारी आमच्या वाट्याचे पाणी चोरून स्वतःच्या गावठाणास देतो,' असं त्यात होतं.

"सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ह्यो वाचावा लागंल," आप्पासो म्हणाले. "लोकास्नी पटलं न्हाई, तर चावी काढून घ्यावी लागंल."

"जूनात मी नोकरीतनं सुटतोयच की."

"मग आधी सुटशील."

चावी गेल्याचं बिराप्पाला वाईट वाटलं नसतं. सहा किलोची कांब होती. त्याला लागला तो अर्जातला एकच शब्द, आणि तो बहिणीच्या सहीच्या वर होता.

त्याच आठवड्यात त्याला सांगलीला जावं लागलं. व्हॉल्व्हचे रबरी वायसर संपले होते. पंचायतीचा पाईपमाल वीस वर्षं तिथल्या एकाच दुकानातून यायचा. दुकान मदन यांचं, पण गल्ल्यावर बसायची त्यांची बायको त्रिशला. तिचं गणितात एम.एस्सी. झालेलं. नऊ वर्षं कॉलेजात तासावर शिकवलं, मग तास मिळेनात तशी ती दुकानात बसू लागली. पाईपची लांबी ती तोंडी सांगायची आणि ती चुकत नसे.

"ताई, तासाला सारखंच पाणी देईल असा व्हॉल्व्ह येतो का?" बिराप्पानं विचारलं.

"येत नाही. का?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं दोनच प्रश्न विचारले. टाकी भरलेली असताना सहा मिनिटांत पाणी किती उतरतं? आणि पाव टाकी उरल्यावर सहा मिनिटांत किती?

बिराप्पाला माहीत नव्हतं. तो वायसर घेऊन गाडीत बसला. सांगली ते म्हसवड गाडी बदलत चार तास लागतात. एकोणतीस वर्षं पाणी सोडतो आणि एवढं माहीत नाही, हे त्याला चारही तास पुरलं.

गावठाणाचा व्हॉल्व्ह टाकीच्या पायथ्यालाच होता. बिराप्पानं बांबूच्या काठीवर इंचांच्या खुणा केल्या, व्हॉल्व्ह उघडला, शिडी चढला. भरलेल्या टाकीत पाणी शंभर इंच. सहा मिनिटांत पाच इंच उतरलं. दुसऱ्या दिवशी दोन वस्त्या झाल्यावर पंचवीस इंच उरले, तेव्हा परत येऊन त्याच व्हॉल्व्हवर तसंच मोजलं. सहा मिनिटांत अडीच इंच. त्यापायी गावठाणाला सहा मिनिटं जास्त मिळाली, ती त्यानं तिसऱ्या दिवशी कापून घेतली.

पुढच्या खेपेला त्यानं आकडे गल्ल्यावर ठेवले.

"बघा," त्रिशला म्हणाली, "पाणी चौथा हिस्सा उरलं आणि जोर निम्मा झाला. जोर उंचीच्या वर्गमुळावर असतो. शंभरचं वर्गमूळ दहा, पंचवीसचं पाच."

"म्हंजी भामा खरं बोलत व्हती."

"हो. आता हिशेब असा. मिनिटाच्या सुरुवातीला पाणी जितके इंच असेल त्याचं वर्गमूळ काढायचं, बाराने भागायचं. बारा तुमच्याच मापातले: वर्गमूळ दहा तेव्हा सहा मिनिटांत पाच इंच, म्हणजे मिनिटाला दहा भागिले बारा. तेवढे इंच त्या मिनिटात उतरणार. ते वजा करायचं की पुढच्या मिनिटाची उंची मिळते. परत वर्गमूळ, परत बारा. याला विकलक समीकरण म्हणतात, आणि ते असं पावलापावलानं सोडवायची ही ऑयलर नावाच्या माणसाची रीत आहे."

"त्यो पाण्याचा माणूस व्हता का?"

"सगळ्याचाच होता." तिनं दुकानातला जुना कॅल्क्युलेटर पुढं केला. त्याला वर्गमुळाचं बटण होतं. "एकही ओळ गाळायची नाही. गाळली तर माझ्याकडं आणायचं नाही."

बिराप्पा गावी आला आणि टाकीच्या सावलीत बसला. मिनिटामिनिटानं जायचं त्याला काही पटलं नाही. त्याचं सगळं आयुष्य तासात गेलं होतं. त्यानं पाऊल तासाचं धरलं. शंभरचं वर्गमूळ दहा, भागिले बारा, गुणिले साठ. पहिल्या तासात पन्नास इंच उतरले. दुसऱ्यात पस्तीस. तिसऱ्या तासाला टाकीतलं पाणी तळाच्या साडेचार इंच खाली गेलं.

त्यानं ते सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा पाणी तळाखाली साडेचार इंच. मग तो उठून टाकीचा तळ बाहेरून बघून आला. ओल नव्हती.

सांगलीत त्रिशलानं कागद पाहिला. "आकडेमोड बरोबर आहे. पाऊल मोठं झालं."

"म्हंजी?"

"तासाच्या सुरुवातीला जो जोर होता तोच तुम्ही साठ मिनिटं धरून चाललात. तो दर मिनिटाला कमी होतोय. तुम्ही बघितलं एकदाच."

बिराप्पाचा बाप मेंढरं राखायचा. "तासातनं एकदा मेंढराकडं वळून बघितल्यागत झालं," तो म्हणाला.

"तसंच. आणि मामा, राग मानू नका, तिन्ही वस्त्यांना सारखा तास देता तेव्हा तुम्ही हेच गणित करता. फक्त पाऊल तीन तासांचं. सुरुवातीचा जोर तिन्ही तास टिकला असं धरता. त्या हिशेबानं टाकी तळाखाली पन्नास इंच जायला पाहिजे."

रीत बिराप्पा दोन वर्षं वापरतच होता. शिकायचं राहिलं होतं ते पाऊल.

"मग मिन्टाचंच घेतो," तो म्हणाला. "एकशे ऐंशी वळी हुत्यात."

"दहा मिनिटांचं घेतलंत तर अठराच होतील. दीडेक इंच चुकेल शेवटी."

"दीड इंच कुणाच्या वाट्याचा?"

"माळवस्तीच्या."

"मग मिन्टाचंच."

शंभर पानी वही, रोज दुपारी दोन तास. एका ओळीत पाच आकडे: मिनिट, उंची, वर्गमूळ, उतार, उरलेलं. एकशे बाराव्या ओळीत त्यानं सातचा एक वाचला. ते त्याला एकशे ऐंशीव्या ओळीवर कळलं, कारण रोज पाळी संपल्यावर टाकीत जेवढं पाणी उरायचं त्याच्या निम्मंच वहीत उरलं होतं. त्यानं एकोणसत्तर ओळी काट मारून पुन्हा केल्या. नुसती चूक सुधारून पुढचे आकडे अंदाजानं सरकवता आले असते. ते त्याच्या डोक्यात आलं नाही.

वही पुरी झाल्यावर वाटणी सोपी होती. तीन तासांत जेवढे इंच उतरतात त्याचे तीन भाग करायचे आणि ते कुठल्या ओळीवर पडतात ते बघायचं. एक्केचाळिसावी ओळ, त्र्याण्णवावी आणि एकशे ऐंशीवी. गावठाणाला एक्केचाळीस मिनिटं, शाळेमागच्या वस्तीला बावन्न, माळवस्तीला सत्त्याऐंशी. टाकी अर्धवट भरलेली असेल त्या दिवशी तेवढ्या इंचाची ओळ शोधायची, तिथनं खाली उतरायचं आणि उरलेल्याचे तीन भाग करायचे. तीच वही चालत होती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. अर्ज वाचून झाला. बिराप्पानं उभं राहून तीन आकडे सांगितले. गावठाणातून निवडून आलेला गुंडा नावाचा सदस्य मागून म्हणाला, "एक्केचाळीस? ह्यो कुठल्या पंचांगातला मुहूर्त?"

लोक हसले. भामाबाई हसली नाही.

"आरं, त्यापेक्षा पाळी फिरवा की," कुणीतरी म्हणालं.

"फिरवून बघितली हुती," आप्पासो म्हणाले. "तिन्ही वस्त्या रोज भांडायला लागल्या. आता एकच भांडती." मग बिराप्पाकडं वळून म्हणाले, "ह्ये खरं कशावरनं?"

"उद्या टाकीत काठी घालून बघा. मी व्हॉल्व्हवर आसंन. मला टाकीतलं पाणी दिसत न्हाई तितनं."

"काठी कोण धरणार?"

"जिची पयली सही हाय ती," बिराप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भामाबाई पदर खोचून शिडीनं टाकीवर चढली. वही गुंडाकडं, घड्याळ त्याच्या फोनमध्ये. एक्केचाळिसाव्या मिनिटाला बिराप्पानं गावठाण बंद केलं, अठरा फेरे, आणि सायकलवर बसला. भामाबाईनं काठी वर काढली.

"अडुसष्ट आन् पाऊण."

गुंडानं वहीत पाहिलं. अडुसष्ट पूर्णांक सात दशांश. त्यानं पान उलटलं.

बिराप्पा शाळेपाशी बावन्न मिनिटं उभा राहिला आणि माळवस्तीवर सत्त्याऐंशी. तिथं तानुबाई नावाची म्हातारी नळाशी बसलेली होती. तासाची साठ मिनिटं झाल्यावर ती सवयीनं हंडा उचलून उठली. नळ चालूच होता. ती परत बसली आणि दुसरा हंडा लावला.

टाकीवर दुसरं माप साडेसदतीस आलं, वहीत सदतीस पूर्णांक चार दशांश. शेवटचं सव्वासहा, वहीत सहा पूर्णांक एक दशांश. बिराप्पा परत आला तेव्हा भामाबाई टाकीच्या कडेवर बसून काठी पुसत होती. तीन तास ऊन लागलेलं. ती शिडीनं खाली उतरली.

"दादा, तू चोरी न्हाई केलीस."

"न्हाई."

"तू चूक केलीस."

"व्हय. दोन वर्सं."

"मग तवाच सांगायचं हुतंस."

"तवा मला बी ठावं नव्हतं."

तिनं काठी त्याच्या हातात दिली. "ह्ये काठीनंच मोजायचं हुतं, तर त्या वहीला इतकं दीस कशाला घालवलंस? पयल्याच दिशी काठी घ्यायची."

बिराप्पानं विचार केला. "काठी घरातच हुती गं. मोजायचं काय, ते म्हाईत नव्हतं."

भामाबाईनं पदर सोडला. "औंदा भाऊबीजेला येते. एक्केचाळीस मिन्टांच्या आत येते, म्हंजी तुमच्या नळाला पाणी तरी आसंल."

आप्पासोंनी अर्ज निकाली काढला. तीन आकडे टाकीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिले गेले. वहीतला आणि काठीतला शेवटचा फरक मात्र बिराप्पाला खटकत राहिला. वायसर आणायला गेला तेव्हा त्यानं त्रिशलाला तो सांगितला.

"पाऊल अर्ध्या मिनिटाचं घेतलं तर तो निम्मा होईल," ती म्हणाली.

"तीनशे साठ वळी."

"हो."

"जूननंतर करतो."

मार्चमध्ये पंचायतीत आणखी एक अर्ज आला, गावठाणाचा. पूर्वी तासभर मिळणारे पाणी आता चाळीस मिनिटेच मिळते, तरी सदर कर्मचाऱ्याची चौकशी व्हावी, असं त्यात होतं. खाली त्रेचाळीस सह्या. पहिली साळूबाईची.

पंचायतीत आलेले अर्ज आप्पासोंच्या टेबलावर ठेवणं हे शिपायाचंच काम. बिराप्पानं तो उभ्यानं वाचला. मग खिशातली पेन्सिल काढून 'चाळीस'वर काट मारली, वर 'एक्केचाळीस' लिहिलं, आणि अर्ज टेबलावर ठेवला.