नक्कल तयार आहे

"मुदत माणसाला ओळखत नाही."

हे वाक्य त्याने एकदा कोर्टाच्या नक्कल विभागाच्या खिडकीतून म्हटलं होतं, आणि तेही ज्यांनी त्याला अक्षर गिरवायला शिकवलं त्या मास्तरांना. मास्तर धापा टाकत पोचले तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ टळून चार मिनिटं झाली होती. अपिलाचा तो शेवटचा दिवस, आणि अपिलाला निकालाची नक्कल लागते. त्याने खिडकीची झडप ओढून घेतली. मास्तर बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होते म्हणे.

ताईने ही गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकली. ताई त्याची थोरली बहीण. दोघांचे जोडीदार गेलेले, म्हणून गेली अकरा वर्षं दोघं एकाच घरात राहत. तिचं शिवणकाम बाजाराजवळच्या एका भाड्याच्या खोलीत चाले. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, कपडे घालून बघायला पडद्यामागचा कोपरा. तिचं सगळं जगणं त्या खोलीत होतं. त्याचं जगणं कोर्टातल्या खिडकीमागे. अर्ज घ्यायचा, निकालाची नक्कल करवायची, मुळाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायची आणि शेवटच्या पानामागे तीन तारखा लिहायच्या: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली. कचेरीत त्याला सगळे 'कॅलेंडर' म्हणत.

"कॅलेंडर निदान वर्षाला बदलतं," ताई म्हणायची, "हा नाही."

तरुणपणी एकदा त्याने रस्त्यात भेटलेल्या मित्राला, तुझी नक्कल तयार आहे, असं सांगितलं होतं. दुसऱ्या पक्षाने वशिल्याची तक्रार केली. तेव्हापासून त्याने स्वतःच्या जिभेला कुलूप लावलं. तयार नकलांची यादी बाहेरच्या बोर्डावर लागते. सांगायचं ते बोर्ड सांगेल.

मग खोलीच्या मालकाने लावलेल्या दाव्यात खालच्या कोर्टाने निकाल दिला, की ताईने खोली मालकाला रिकामी करून द्यावी. अपिलाला तीस दिवस. वकील शोधण्यात, रडण्यात, आणि मालकाचा मुलगा समजून घेईल या वेड्या आशेत तिने वीस घालवले. एकविसाव्या दिवशी इतरांसारखी रांगेत उभी राहून तिने भावाच्याच खिडकीवर नकलेचा अर्ज दिला. त्याने मान वर न करता पोच दिली.

नक्कल होईपर्यंतचे दिवस मुदतीत मोजत नाहीत. ती तयार झाली की मोजणी पुन्हा सुरू. तिच्याकडे नऊ दिवस उरले होते.

ताई बोर्ड बघायला गेली नाही. घरात माणूस आहे, तयार झाली की एवढं तरी म्हणेलच, असं तिने गृहीत धरलं. सकाळी दोघं समोरासमोर बसून चहा पीत. तो म्हणे, "साखर कमी आहे." ती म्हणे, "तुझ्या जिभेलाच चव नाही." बस्स, एवढंच बोलणं.

कोर्टाचा शिपाई पँट आखूड करून घ्यायला आला तेव्हा सहज बोलून गेला, "ताई, तुमची नक्कल अकरा दिवस पडून आहे. न्यायची नाही का?"

हातातला टेप तसाच टाकून ती धावली. वकिलांनी त्याच दिवशी अपील दाखल केलं, पण दोन दिवस उशीर झालाच होता. आता विलंब माफ करा म्हणून अर्ज, आणि सोबत उशिराचं कारण शपथेवर. वकील म्हणाले, "ताप होता असं लिहू. तापाला कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भावाला ते सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"तुला ताप नव्हता."

"मग काय लिहू रे? माझा सख्खा भाऊ अकरा सकाळी माझ्यासमोर बसला, स्वतःच्या हाताने तारीख लिहून आला, आणि तोंडातून शब्द काढला नाही, हे लिहू?"

त्याने कप बाजूला सारला.

"तेच लिही," तो म्हणाला. "मी येऊन सांगतो."

तिला राग आवरेना. आणि रागातही दिसत होतं, की तो आज प्रथमच वाकला आहे, आणि त्याला वाकता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी त्याने रजा टाकली. एवढी वर्षं ज्या इमारतीत काढली, तिथे तो पाहुण्यासारखा मागच्या बाकावर बसला. मालकाचे वकील म्हणाले, "बोर्ड सगळ्यांसाठी असतो, मॅडम. यांच्या तर घरातच कारकून!"

न्यायाधीश बाईंनी त्याला पुढे बोलावलं.

"नक्कल तयार झाल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. तारीख माझ्याच हातची आहे."

"बहीण वाट बघतेय हेही ठाऊक होतं?"

"हो."

"रोज भेटत होता?"

"एकाच घरात राहतो, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही. "बोर्ड लावला, नियम पाळलात. त्यात खोट नाही. पण तयार झाली आहे, घेऊन जा, एवढं बहिणीला सांगू नये असा कुठला नियम आहे? मला माहीत नाही, म्हणून विचारते."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. कलम न् कलम तोंडपाठ असलेला माणूस. मालकाचे वकीलसुद्धा कागद चाळायचे थांबले.

"उत्तर नसेल तर तसं नोंदवते," बाई म्हणाल्या, आणि लेखनिकाकडे वळल्या. "तिने घरातल्या माणसावर विश्वास ठेवला, तो चुकीचा ठरला, त्यात तिचा हलगर्जीपणा दिसत नाही. विलंब माफ. अपील दाखल करून घ्यावं."

ताईने डोळ्यांना पदर लावला. खोली अजून तिची होती, निदान अपिलाचा निकाल लागेपर्यंत. तिला त्याचा हात धरावासा वाटला, आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. ती उठेपर्यंत त्याने सवयीने बाईंपुढे मान झुकवली, वळला, बाकांच्या रांगांमधून कोणाकडेही न बघता चालत दारापर्यंत गेला, आणि बाहेर पडला.