गोंड्याला उतरलेलं कुटुंब

माझ्या वडिलांना मी मोठ्याने हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते रेल्वेत इंजिनिअर होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी लखनौतच काढली. कथा-कादंबऱ्या म्हणजे त्यांच्या लेखी वेळेची नासाडी. निवृत्तीनंतर आई आणि ते इथेच, आलमबागला, माझ्याकडे राहायला आले, तेव्हा शिस्तही सोबत आली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिला वाचून दाखवायला काही सोपं मिळावं म्हणून एका रविवारी सकाळी मी निशातगंजच्या वाचनालयात गेले. तिथे मराठी पुस्तकांचं एकच कपाट आहे. बदली होऊन गेलेल्या कुटुंबांनी मागे ठेवलेली पुस्तकं. मुलांचं काही नव्हतं. खालच्या कप्प्यात एक पातळशी कादंबरी आडवी पडली होती. मुखपृष्ठावर टाय लावून ट्रंकेवर बसलेला माणूस, लेखकाचं नाव कधी न ऐकलेलं. मी उभ्याउभ्याच चाळायला लागले.

दुसऱ्याच पानावर हसू फुटलं. कादंबरीतले साहेब बायकोला एक पोळी भाजायला किती सेकंद लागतात याचा तक्ता स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिकटवतात आणि ती त्याच तक्त्यावर गरम तवा ठेवते. मी खुर्ची ओढून बसले. ग्रंथपाल दोनदा मान वर करून बघत होते.

चौथ्या प्रकरणात माझं हसू थांबलं. साहेब बायको-मुलीला घेऊन मेहुण्याच्या लग्नाला नागपूरला निघतात. तीन तास आधी सगळ्यांना स्टेशनवर नेऊन बसवतात आणि शेवटी भलत्याच गाडीत चढवतात. नागपूरच्या उलट दिशेला, गोंड्याला उतरल्यावर बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसतात आणि दोघींना शपथ घालतात, ‘हे कुणालाही सांगायचं नाही.’

हे घडलं होतं. आमच्याच घरात, मी नऊ वर्षांची असताना. रेल्वेचा इंजिनिअर चुकीच्या गाडीत चढला हे आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी बोलले नव्हते. बाबांनी बोलणं शक्यच नव्हतं. उरली आई.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी दार लोटलं आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं.

“आई, हे तू लिहिलंस?”

“मी? मला तुझ्या मामाला चार ओळी लिहायचा कंटाळा!”

“मग हे वाच.”

तिने चष्मा लावून पान वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “अगं, गोंडा! कुणी सांगितलं हे? यांना कळलं तर...”

“काय कळलं तर?”

बाबा रिकामा पेला घेऊन दारात उभे होते. लपवायला वेळच मिळाला नाही. त्यांनी पुस्तक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, पानं उलटून चौथं प्रकरण काढलं.

“लाडू बेसनाचे छापलेत,” ते म्हणाले. “रव्याचे होते. मी रव्याचेच लिहिले होते.”

आईच्या हातातली शेंग खाली पडली.

मग त्यांनीच सांगितलं. लखनौबाहेर बख्शी का तालाबच्या बाजूला रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा दुपारच्या सुट्टीत ते लिहायचे. टोपणनाव घेतलं, कारण साइटवर कळलं असतं तर कुणी त्यांचं ऐकलं नसतं. वाचनालयात ती प्रत त्यांनीच ठेवली होती.

“अधूनमधून बघून यायचो, कुणी नेली का. तिथेच असायची.”

मला खरं तर त्यांची दया यायला हवी होती. आला तो राग. ज्या माणसाच्या धाकाने मी जेवताना हसू दाबत मोठी झाले, तो स्वतःवरच इतकं हसत होता?

“बाबा, मग घरात आम्हाला का नाही हसू दिलंत?”

त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. “कागदावर जमायचं. तोंडाने नाही जमलं.” एवढं बोलून ते खोलीत गेले.

आई पुस्तक घेऊन बाल्कनीत बसली. दोन दिवस ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही, नुसती वाचत होती. बाबा काहीतरी निमित्त काढून तिच्या मागून फेऱ्या घालत, पान कितवं आलं ते बघत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने पुस्तक टेबलावर आपटलं.

“मी एवढी भांडते?”

“बरंच कमी करून लिहिलंय,” बाबा म्हणाले.

“अच्छा? मग तो तव्याचा प्रसंग? तुमचा तक्ता मी जाळला होता, जाळला! नुसता तवा नव्हता ठेवला.”

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि वाचनालयाच्या त्या प्रतीत, समासात, दुरुस्ती करायला सुरुवात केली.