ओवलेली सुई

आमच्या शेजारच्या काजवाल्या मावशींनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा; बटणाची भोकं तेवढी मावशींकडे. सकाळी गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा. काज म्हणजे कापडाला दिलेली चीर आणि तिच्याभोवती दाट टाके, एवढंच, पण एखादा टाका वाकडा गेला की मावशी स्वतःवरच करवादायच्या, "हात आहेत की पाय?"

साठी उलटली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून सून कामावर जाण्याआधी वीस सुया ओवून ठेवायची. पुढचं सगळं बोटांच्या भरवशावर. काज झालं की मावशी त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायच्या. नख अडलं की उसवायच्या. कामाचा वेग निम्म्यावर आला होता.

त्याच सुमारास सरकारची योजना आली: साठीनंतर प्रत्येकाला पेन्शन, प्रत्येकाला दवाखान्याचा विमा. मी टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस. माझी पेन्शन निमूटपणे एक तारखेला येते, त्यासाठी माझे डोळे तपासायला कुणी येत नाही. म्हणून अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. 'प्रत्येकाला' हा शब्द पहिल्या पानावर होता. सातव्या पानावर दोन अटी होत्या: आयुष्यभर काम केल्याचा मालकाचा दाखला हवा, आणि ज्यांच्याकडून आता काम होत नाही त्यांचा नंबर आधी.

मावशींना काम देणारे अकरा, आणि मालक म्हणवून घ्यायला तयार एकही नाही. त्यातला एक टेलर मला म्हणाला, "काका, आज मावशींना लिहून दिलं, तर उद्या बाकीच्या बायकांच्या पेन्शनचे हप्ते माझ्याच गळ्यात पडतील. दुकान बंद करू का?" तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

शेवटी कचेरीचं पत्र आलं की दाखला नसल्याने तपासनीस घरी येऊन काम पाहतील. सुनेने आदल्या दिवशी बजावलं, "आई, उद्या मी एकही सुई ओवणार नाही. त्यांच्यासमोरच ओवायला घ्या. जमणार नाही, ते बघू दे त्यांना."

"बरं," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस यायच्या अर्धा तास आधी मावशी सुई-दोरा घेऊन माझ्या दारात हजर. "भाऊ, एवढी ओवून द्या."

"मावशी, सूनबाई काय म्हणाली होती?"

"ऐकलंय मी. पण परका माणूस काम बघायला येणार, आणि त्याच्यासमोर मी दोरा चाटत बसू? कुणी मला असं पाहिलेलं नाही अजून."

मी ओवून दिली. द्यायला नको होती. पण त्या क्षणी त्यांचा तो ताठा मला आवडला, हे खरं.

तपासनीस भला माणूस होता. घामाघूम झालेला, त्या दिवशी त्याला चौतीस घरं उरकायची होती. मावशींनी कापडाची घडी घालून नखाने रेघ मारली, चीर दिली, दोऱ्यावरून मेण फिरवलं आणि टाके घालायला लागल्या. नजर खिडकीकडे होती. तपासनिसाला ती सफाई वाटली. काज झाल्यावर त्याने ते उजेडात धरलं. "वा! मशीनला जमणार नाही असं."

मावशी चक्क लाजल्या.

"अहो, त्यांना दिसत नाही," मी म्हणालो.

"काका, आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. जे पाहिलं तेच लिहावं लागतं," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे निघाला.

महिन्याभराने निकाल आला. मी वाचून दाखवला. व्यवसाय सिद्ध. दृष्टी कामापुरती चांगली. काम करण्यास सक्षम, सबब पेन्शन व शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षा यादीत. नंबर चार हजार दोनशे अकरा.

सून दाराला टेकून उभी होती.  तिने सासूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि मला मान वर करवेना.

"भाऊ," मावशींनी विचारलं, "काजाबद्दल काही लिहिलंय का?"

तळाशी शेरा होता. "लिहिलंय. काम अतिशय सुबक."

"कुठंय?"

मी त्यांचं बोट त्या ओळीवर नेऊन ठेवलं. मावशींनी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.