फुग्यात न मावणारी मराठी

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन जर्मनीत आलेले मराठी लोक मला पुष्कळ भेटले. शेजारच्या देशातल्या एका चित्रकारासाठी इथे राहिलेला माणूस मात्र एकच. ते माझ्या बायकोचे मोठे मावसभाऊ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. बेल्जियमचा एक कॉमिक्सवाला, जाऊन बरीच वर्षं झालेला, हे त्यांचं दैवत. म्युनिकची चांगली नोकरी त्यांनी ‘तिथून ब्रसेल्स लांब पडतं’ म्हणून नाकारली आणि बॉनला घर केलं. जेवताना कुणी त्या चित्रकाराच्या रेषेचा विषय काढला, की वरण गार होईपर्यंत दादा बोटाने हवेत पावसातली ट्राम काढून दाखवतात. वहिनी हल्ली पाहुण्यांना दारातच ताकीद देतात.

त्यांची लेक सई कीटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागली आणि मराठी प्रश्नांना जर्मन उत्तरं देऊ लागली. दादा रागावले नाहीत. त्यांनी अख्खा चित्रकार मराठीत आणायला घेतला. पात्रांच्या तोंडचा संवाद ज्या पांढऱ्या फुग्यात असतो, त्या प्रत्येक फुग्यावर मराठी चिठ्ठी चिकटू लागली. तिथला चिडका स्टेशनमास्तर मालवणीत भांडू लागला, श्रीमंत विधवा सदाशिव पेठेतली झाली. अडचण एकच, मराठी फुग्यात मावत नसे. मी एश्बॉर्नला मीटिंगमध्ये असताना दादांचा फोन यायचा, की ‘उगीच आगाऊपणा करू नकोस’ याला चार अक्षरांत काय म्हणता येईल. मी ‘गप बस’ सुचवलं. अक्षरं बरोबर होती, पण दादांना त्यात माया दिसेना. सई मात्र ऐकताना खदखदून हसायची आणि पुस्तक संपलं की ‘नोखमाल’ म्हणत पुन्हा पहिलं पान उघडायची.

आता ती ब्राउनश्वाइगला शिकते. फोनवर दादा मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये. गेल्या हिवाळ्यात दोघं ब्रसेल्सला त्या चित्रकाराची मूळ चित्रं बघायला गेली. शेवटच्या दालनात त्याचं अर्धवट राहिलेलं पान होतं: पेन्सिलीने काढलेला बंदराचा धक्का, बोट, निरोप घेणारी दोन माणसं आणि एक रिकामा फुगा. सईने वळून चक्क मराठीत विचारलं,

“बाबा, हा काय म्हणत असेल?”

दादांना एक अक्षर सुचलं नाही. गाडीत बसेपर्यंत तिची जर्मन परत सुरू झाली होती.

हे त्यांनी मला परवा ऱ्हाइनच्या काठाने चालताना सांगितलं. एवढ्या थोर माणसाच्या पानावर आपण काय बोलणार, अशी मी समजूत घातली.

“काहीही बोलायला हवं होतं हो,” दादा म्हणाले. “तिने पुढचंही मराठीत विचारलं असतं.”