बुडबुडे थांबल्यावर

काचेची नळी डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून ते बराच वेळ बघायचे. मग म्हणायचे, “उद्या परत बघू.”

नळीत बिअर असायची. आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. ते सांगलीकडचे, पन्नाशी ओलांडलेले एसी टेक्निशियन. मी गोदामात सुपरवायझर. मी त्यांना अण्णा म्हणायचो. संध्याकाळी दोघंही इतके दमलेले असायचो, की कुकर कोण लावणार हे विचारायचाही कंटाळा यायचा.

अण्णांचा छंद एकच. सुपरमार्केटमधलं बिनदारूचं माल्टचं पेय, साखर आणि यीस्ट पाण्याच्या मोठ्या बाटलीत घालून ते कपाटामागे आंबवायचे. इथे हा गुन्हा.

“पकडलो तर खलास, अण्णा.”

“एक ग्लास घेतला की झोप लागते रे. बाकी काय आहे इथं?”

घाई मात्र त्यांना मंजूर नव्हती. नळीतल्या बिअरमध्ये साखर मोजायचा हायड्रोमीटर तरंगत ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सलग तीन दिवस तोच आकडा आला, तरच बाटल्या भरायच्या. “बुडबुडे थांबले यावर जाऊ नकोस,” ते सांगायचे, “साखर उरली असली तर बाटली फुटते.”

असा काटेकोर माणूस तुमच्याही कामावर असेल. आपण त्याचं ऐकतो, पण मनावर घेत नाही.

एकदा ते चार दिवस अबुधाबीच्या साइटवर गेले. नेमकी तेव्हाच बिल्डिंगमध्ये बातमी पसरली, की खोल्या तपासायला माणसं येणार. ती मोठी बाटली कुठे लपवू? बुडबुडे तर थांबले होते. मी बिअर छोट्या बाटल्यांत भरली, बुचं घट्ट लावली आणि सगळ्या बाथरूमच्या कपाटात दडवल्या. खोलीतल्या एसीच्या गारव्यात यीस्ट नुसतं पेंगलं होतं, बाथरूमच्या उकाड्यात ते जागं झालं.

तपासायला कोणी आलंच नाही. अण्णा परतले. मी काही सांगायच्या आत ते हात धुवायला गेले. कपाटातून फसफस ऐकू आली म्हणून त्यांनी दार उघडलं, बाटली उचलली आणि ती त्यांच्या हातातच फुटली.

क्लिनिकमध्ये नर्सने विचारलं, “क्या टूटा?”

“अचार की बरनी,” अण्णा म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

उजव्या तळहाताला सात टाके पडले. जखम भरली, पण दोन बोटं मिटेनात. पाना धरता येईना. कंपनीने तीन महिने स्टोअरमध्ये बसवलं आणि मग व्हिसा वाढवला नाही.

“माझ्यामुळे झालं, अण्णा.”

ते शर्टाची बटणं लावायची खटपट करत होते. बटण सोडून म्हणाले, “हो, तुझ्यामुळेच झालं. पण तू घाबरला होतास. मीही इथं एकोणीस वर्षं घाबरूनच राहिलो.” मग शर्टाची कॉलर माझ्यापुढे केली. “वरचं बटण लाव.”

मी लावलं.

एअरपोर्टवर त्यांनी मला थांबू दिलं नाही. “यल्ला, चल, गाडी काढ, मागचा हॉर्न मारतोय.” डाव्या हाताने आणि उजव्या कोपराने ट्रॉली ढकलत ते आत गेले. दारापाशी ट्रॉली जरा वाकडी झाली. कोणीतरी मदतीला पुढे आलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि ती स्वतःच सरळ केली.