मवाळ करून सांगितलेलं

शिकायला परदेशी आलेल्या त्या पोरीला कुलपांच्या दुकानात अर्धवेळ काम मिळालं ते मातृभाषेमुळे. हुशारी कोणी विचारलीच नाही. दुकानाचा मालक दारांची कुलपं तिच्याच देशातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मागवायचा, आणि दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नसे. आठवड्यातून तीन दुपारी ही मागच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध बसून फोनवर एकाचं दुसऱ्याला सांगायची.

मालक तापट, बोलायला लागला की तोंडाचा पट्टा सुरू. म्हातारा फोन उचलला की आधी 'जेवलीस का गं' विचारायचा, आणि या शहरात तिला ते विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. मग त्याला शिव्या कशा पोचवायच्या? मालक म्हणे, असला भिकार माल पाठवायला लाज नाही वाटत? ती सांगे, आजोबा, जरा लक्ष द्या म्हणतात. थोरल्यांशी असंच बोलायचं, ही तिच्या घरची शिकवण. मालक खूश की चांगला दम भरला, म्हातारा खूश की देवमाणूस भेटला. आपण पुण्यच जोडतोय, अशी या बाईसाहेबांची समजूत.

पुढे कुलपं अडकू लागली. आतली स्प्रिंग कच्ची होती. मालकाने बजावलं, आणखी एक तक्रार आली की माल बंद. म्हाताऱ्याच्या हाताखाली तीन माणसं आणि गिऱ्हाईक हे एकच, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सांगितलं, सवडीने स्प्रिंग बघा. म्हाताऱ्याने ते सवडीवर टाकलं.

महिन्याभरात एक बाई स्वतःच्याच खोलीत अडकली. शेजाऱ्यांनी दार फोडून तिला बाहेर काढलं. मालक त्या दिवशी ओरडला नाही.

"सांग त्याला, संपलं," तो म्हणाला. "आणि तुझंही आता इथे काम नाही."

तिने पुष्कळ शब्द शोधले, पण हे मवाळ होईना. शेवटी होतं तसं सांगितलं. पलीकडे कानस चालू होती, ती थांबली. म्हाताऱ्याने विचारलं, याआधी ते कधी रागावले होते का. खोटं बोलायचं तिला बळ राहिलं नव्हतं. दर वेळी, ती म्हणाली.

"मग सांगायचंस ना, पोरी," म्हातारा म्हणाला. "स्प्रिंग बदलायला दोन दिवस लागले असते."