हन्नाच्या पानावरचं हळदीचं बोट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमच्या आईला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, म्हणून घरात सगळे हळू आवाजात बोलत. बाळंतपणाला तिला उचगावला न्यायला तिची आई, म्हणजे तुमची दुसरी आजी, आली होती. ती शेतकरी घरातली, देवदेव करणारी; आम्ही ख्रिस्ती. लग्नात आम्ही दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढंच बोललो होतो.

माझं पवित्र शास्त्र बैठकीतल्या कपाटात असे. रोज वाचून झालं की त्याच पानात मी रेशमी फीत ठेवी. त्या सकाळी फीत स्तोत्रांत नव्हती. ती हन्नाच्या गोष्टीत होती आणि पानाच्या कडेला हळदीचं पिवळं बोट उमटलं होतं.

हन्नाला मूल नव्हतं. मुलगा दे, तो तुलाच वाहीन, असा तिने देवाला नवस केला, आणि दूध तुटल्यावर त्याला खरंच मंदिरात नेऊन ठेवलं.

विहीणबाईंनी माझ्या शास्त्रावर काही करणी केली, असं माझ्या मनाने घेतलं. सांगायला लाज वाटते, पण मी सुनेची उशीही उलटून पाहिली. अंगारा, लिंबू, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. विहीणबाई आल्या, पुस्तक काढलं, हन्नाच्या नवसाखाली तांबडी रेघ होती, त्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या.

"काय शोधताय?" मी विचारलं.

त्या दचकल्या नाहीत. "हे तांबड्या पेन्सिलीनं कुणी वडलंय?"

"मी."

"म्हंजे पोर तुम्ही चर्चला बोललाय. म्हणून पोरगीला दिवस ऱ्हायलं व्हय? मी बाळाला उचगावातनं हलवायची न्हाय, सांगून ठेवते!"

मी संशय घेत होते त्याच वेळी त्याही घेत होत्या. ती रेघ तीस वर्षांपूर्वीची, असं मी त्यांना सांगितलं. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं, तेव्हा मी तो नवस बोलले होते. मग तुमचे बाबा झाले.

"मग जावईबापूंना का दिलं न्हाय?"

"हातातून सुटला नाही." हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला ताप आला की मी देवाकडे संशयाने बघत असे, मागायला आला की काय म्हणून.

विहीणबाईंनी मला नीट न्याहाळलं. "मग ठीक हाय. तुमच्याच्यानं न्हाय व्हायचं ते."

बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी तुमच्यातल्या थोरल्याला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. बाप्तिस्म्याला मात्र त्या पहिल्या बाकावर बसल्या. पाळकांनी बाळ हातात घेतलं तशा उठून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पाणी शिंपडून होताच दोन्ही हात पुढे केले.

"झालं न्हवं? द्या हिकडं."